पेटीवाली उठत नाही

किस्से गोळा करत हिंडावं लागत नाही. एका जागेवर गप्प बसता आलं पाहिजे, ते आपोआप येऊन साचतात. धारवाडच्या आमच्या छोट्या मराठी मंडळीत मी चव्वेचाळीस वर्षं पेटी वाजवते. पेटी पुढं डाव्या कोपऱ्यात आणि माझं तोंड लोकांकडे. उपदेश चालू असताना लोक पाळकांकडे बघतात, पाळक छताकडे बघतात आणि मी लोकांकडे बघते. आता सांगा, किस्से कुणाकडे जमणार?

मंडळी म्हणजे पासष्ट माणसं. त्यातली निम्मी एकमेकांची नातेवाईक आणि उरलेली एकमेकांचे व्याही. सकाळी आठला आमची उपासना, दहाला त्याच चर्चमध्ये कन्नड उपासना. त्यामुळे आम्हाला वेळेत आटपावं लागतं. बाहेर पायऱ्यांवर कन्नड मंडळी घड्याळ बघत उभी असते, त्यात आमचेच चार जावई असतात.

आमच्याकडे एक जुना नेम आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. पुढं मेजावर भाकरीचं ताट, त्यावर पांढरा रुमाल. रुमाल उचलण्याआधी पाळक म्हणतात, "ज्याचं राहिलंय त्यानं आटपून घ्यावं." मग ज्याचं कुणाशी काही बिनसलं असेल त्यानं उठायचं, त्या माणसाच्या बाकापाशी जायचं आणि हळू आवाजात माफी मागायची. समोरच्यानं "झालं" म्हणायचं. भाषण करायचं नाही. ज्याचं राहिलं असेल त्यानं भाकर घ्यायची नाही, ताट तसंच पुढं द्यायचं.

हे सगळं चालू असताना मी वाजवत राहायचं, सगळे जागेवर बसेपर्यंत. नऊ कडव्यांचं एक संथ गीत त्यासाठीच राखून ठेवलंय. त्यामुळे कुठल्या भांडणाला किती कडवी लागतात हे मला पाठ झालंय. डबा परत केला नाही, हे एका कडव्यात मिटतं. नवरा-बायकोला तीन. जावा-जावांना पाच, त्यातलं एक रडण्यात जातं. भांडण कन्नडात झालेलं असलं तरी माफी मराठीतच मागतात, का ते मला अजून कळलेलं नाही. नऊच्या नऊ कडवी मात्र कधी लागली नव्हती.

आणि पेटीवालीला उठता येत नाही. ती उठली तर सूर कोण धरणार? आमच्या अप्पांचा, म्हणजे वडिलांचा, घरातही हाच नियम होता. पेटीवर बसलेल्याला मध्येच उठवायचं नाही. स्वयंपाक करपू दे, पाहुणे दारात उभे राहू देत, गाणं संपेपर्यंत थांबायचं. हा नियम माझ्या फार पथ्यावर पडला. कारण एक माफी माझीही राहिलेली होती, माझ्या सख्ख्या बहिणीची, एस्तेरअक्काची. ती मागायचं धाडस मला होत नव्हतं. पण ते पुढं. आधी दुसऱ्यांची पापं सांगते.

* * *

तीन वर्षांपूर्वी नवे पाळक आले. तरुण, हुशार, आणि आमच्या नेमाची त्यांना कुणी कल्पनाच दिलेली नव्हती. पहिल्याच रविवारी त्यांनी पन्नास मिनिटं उपदेश केला. मग आमच्या सेक्रेटरींनी लिहून दिलेला कागद बघून त्यांनी वाचलं, "ज्याचं राहिलंय त्यानं आटपून घ्यावं."

दहाबारा माणसं उठली आणि चालायला लागली. पाळकांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, उपदेश आवडला नाही म्हणून लोक निघाले! ते घाईघाईनं खाली उतरले, पहिल्या बाकापाशी गेले आणि हात जोडून म्हणाले, "माफ करा, माझा उपदेश जरा लांबला."

पहिल्या बाकावर आमची सोनाआजी बसते. वय ब्याऐंशी, कान शाबूत. ती म्हणाली, "झालं. साकु बिडो, पुरे आता. पुढच्या टायमाला अर्धा करा."

तेव्हापासून उपदेश पंचवीस मिनिटांचा असतो. या नेमाचे फायदे असे सगळ्या मंडळीला होतात.

* * *

नेमात एक धोका आहे. समोरच्याला जे ठाऊकच नाही, त्याचीही माफी मागितली जाते.

योहानअण्णा हुबळीला रेल्वेत होते. निवृत्त झाल्यावर माणसाला वेळ असतो, त्यात मन साफ करायची इच्छा होते. एका रविवारी ते उठले आणि आपल्याच बायकोपुढं, लीलाकाकूंपुढं, जाऊन उभे राहिले. म्हणाले, "तो तांबडा कोंबडा मीच घालवला होता. पहाटे चारला आरवायचा. कलघटगीच्या एका मित्राबरोबर पाठवून दिला."

लीलाकाकू बघतच राहिल्या. कारण तो कोंबडा शेजारच्या सुमतीबाईंच्या कुत्र्यानं खाल्ला असं त्यांचं अकरा वर्षं ठाम मत होतं. अकरा वर्षं त्या सुमतीबाईंशी बोलत नव्हत्या. आता काय करणार? त्या उठल्या, पलीकडच्या बाकापाशी गेल्या आणि कुत्र्याची माफी सुमतीबाईंकडे मागितली. कुत्रं बिचारं केव्हाच वारलं होतं.

सुमतीबाई "झालं" म्हणाल्या आणि त्याही उठल्या. त्या गेल्या योहानअण्णांकडे. त्यांनी कबूल केलं की निर्दोष कुत्र्यावर आळ घेतल्याच्या रागात त्यांनी अण्णांच्या शेवग्याच्या मुळाशी तीन दिवस उकळतं पाणी ओतलं होतं. शेवगा वाळला तेव्हा मातीतच दोष आहे म्हणून अण्णांनी सगळं परस खणून काढलं होतं आणि त्यात त्यांची पाठ कायमची धरली होती.

सहा कडवी झाली तेव्हा तिघं आपापल्या जागी बसले. लीलाकाकूंनी अण्णांना "झालं" म्हटलं, पण भाकर घेण्याआधी एवढंच विचारलं, "मित्रानं त्याला कापला तर नाही ना?" नव्हता कापला. तो तिकडं पुष्कळ जगला आणि त्याचा वंश अजून चालू आहे असं कळल्यावर काकूंनी कलघटगीहून एक पिल्लू मागवलं. ते आता पहाटे चारला आरवतं.

* * *

कोंबड्याच्या दिवशी सगळे हसले. मी घरी आल्यावर हसले नाही. समोरच्याला ठाऊक नसलेली गोष्ट, ती सांगावी की नाही? माझं घोडं तिथंच अडलेलं होतं.

मी सतरा वर्षांची होते, अक्का एकवीसची. पेटी खरी तिची. मला जे येतं ते तिनंच शिकवलेलं, आणि तिच्या निम्म्यानंही मला येत नाही. नगरकडच्या एका मुलींच्या शाळेत संगीतशिक्षिकेच्या जागेसाठी ती जाऊन परीक्षा देऊन आली होती. त्यांचं पत्र आलं तेव्हा ती विहिरीवर होती आणि पोस्टमननं ते माझ्या हातात दिलं. मी फोडून वाचलं. तुमची निवड झाली आहे, अमुक तारखेला हजर व्हा, असं होतं.

अक्का गेली तर मी या घरात कुणाशी बोलणार, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी पेटीची वरची फळी उघडली आणि आत कडेच्या फटीत पत्र सरकवून दिलं. दोन दिवसांत काढून देऊ असं ठरवलं होतं. दोनाचे चार झाले, मग तारीख उलटली, आणि तारीख उलटलेलं पत्र कुठल्या तोंडानं काढून देणार? अक्का महिनाभर पोस्टमनच्या वेळेला दारात उभी राहायची. ते उभं राहणं मला अजून दिसतं. मग ती धरून चालली की आपल्याला घेतलं नाही. त्याच वर्षी तिला अळणावरचं स्थळ आलं आणि ती गेलीच. मी काय मिळवलं? काही नाही.

लग्नात अप्पा तिला पेटी द्यायला निघाले होते. ती म्हणाली, "नको, रूथला राहू दे." म्हणून मी पेटीवर बसले. पत्र अजून घरच्या त्या पेटीतच आहे. दर वर्षी नाताळाआधी मी पेटी उघडून साफ करते, पत्रावरची धूळ पुसते आणि ते परत जागेवर ठेवते. याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

* * *

बरं, केकचं राहिलं.

प्रेमलताबाईंचा नाताळचा केक म्हणजे आमच्या मंडळीची शान होती. कृती त्यांच्या आजीची, घराण्याबाहेर द्यायची नाही अशी शपथ घातलेली. कृतीचा कागद मसाल्याच्या डब्याच्या तळाशी ठेवलेला असायचा आणि सून नीलम हिलाही तो दाखवलेला नव्हता.

एका पहिल्या रविवारी नीलम रडवेली होऊन सासूपुढं उभी राहिली. कागद चोरून उतरवून घेतला, तीन वर्षं माहेरी जाऊन केक करून बघितला, तिन्ही वेळा दगड झाला. चोरीचं फळ मिळालं, मला माफ करा, म्हणाली. प्रेमलताबाईंनी फार मोठ्या मनानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं "झालं" म्हटलं. त्या दिवशी मंडळीत त्यांचा मान आणखी वाढला.

पुढच्या महिन्यात पाळकांचं वाक्य संपायच्या आत प्रेमलताबाईच उठल्या. सुनेपाशी गेल्या. चेहरा असा उतरलेला की मी दोनदा सूर चुकले. म्हणाल्या, "महिनाभर झोप नाही मला. तो कागद मी उगाच लिहून ठेवला होता. केक हुबळीच्या बेकरीतनं आणायची मी."

नीलमनं सासूबाईंचा हात धरला. मग "झालं" म्हणाली. चांगली मुलगी आहे. फक्त त्या वर्षीचा नाताळचा केक सासूबाईंनी स्वतःच्या हातानं, त्याच कागदावरनं करावा अशी तिनं विनंती केली, आणि तो आम्हा पासष्ट जणांना वाटण्यात आला. चूक एकीची, दात सगळ्यांचे गेले.

* * *

गेल्या वर्षी आमचे अळणावरचे भाऊजी वारले. अक्काच्या मुलानं रायापूरला घर बांधलंय, तिथं ती राहायला आली आणि दर रविवारी बसनं आमच्या उपासनेला यायला लागली. ती तिसऱ्या बाकावर बसते, आणि सोनाआजी पहिल्या बाकावरनं उठून तिच्या शेजारी जाऊन बसते कारण अक्का खडीसाखर देते.

मला फार आनंद झाला. मी लग्न केलं नाही, शाळेत नोकरी केली, आईअप्पा गेल्यावर एकटीच राहते. आता दर बुधवारी अक्का माझ्याकडे येते, आम्ही दोघी मिळून भाकरी करतो, जुनं नवं बोलतो. पेटीला मात्र ती हात लावत नाही. मी म्हणते, वाजव की. ती म्हणते, "तू आहेस की."

पहिल्या महिन्यात प्रभुभोजनाचं ताट तिच्यापर्यंत आलं. तिनं भाकर घेतली नाही, ताट तसंच सोनाआजीकडे दिलं. मला वाटलं तब्येत बरी नसेल. दुसऱ्या महिन्यातही तेच. तिसऱ्या महिन्यात सोनाआजीनं तिला सरळ विचारलं. अक्का म्हणाली, "माझं एक राहिलंय."

झालं! आठवड्यात मंडळीनं अळणावरच्या तिच्या सगळ्या सासरवर संशय घेऊन झाला. दीर, नणंद, एक जुना घरमालक. मी सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि मान हलवायची. ताट फिरताना पहिलं माझ्याकडे येतं, वाजवणाऱ्याला आधी द्यायची पद्धत आहे. चव्वेचाळीस वर्षं मी भाकर घेत आलेली. आता ती घशाखाली उतरेना. तिला पत्राचं ठाऊक असणं शक्य नव्हतं, पेटी नेहमी अप्पाच उघडत. मग मी सांगितलं तर? बुधवार बंद होतील, आणि या वयात दुसरी बहीण कुठून आणणार? मी घाबरले होते, सरळच सांगते.

* * *

त्यातच दानिएलसरांचं प्रकरण झालं. सर निवृत्त हेडमास्तर, अतिशय सरळ माणूस. ते पहिल्या रविवारी कधीच उठत नसत. पाठ ताठ, हात मांडीवर. माझं कुणाशी काही नाही, असं त्यांच्या पाठीवर लिहिलेलं असायचं.

मग पाळकांनी गर्वावर उपदेश केला. पंचवीस मिनिटांचाच, पण लागला. पुढच्या महिन्यात सर उठले आणि पहिल्या बाकापासून सुरुवात केली. प्रत्येकापुढं उभं राहून एकच वाक्य, "मी स्वतःला तुमच्यापेक्षा चांगला समजत होतो." लोक घाईघाईनं "झालं" म्हणून मोकळे व्हायला लागले. योहानअण्णा तर म्हणाले, "त्यात काय सर, होताच की." बाहेर कन्नड मंडळी खिडकीतनं डोकावायला लागली.

सर शेवटी बायकोपाशी पोचले. तिलाही तेच वाक्य. बाई म्हणाल्या, "समजत होतो? म्हणजे आता नाही समजत?" सरांना खोटं बोलता येत नाही. ते अख्खं एक कडवं विचार करत उभे राहिले. मग बाईंनाच दया आली आणि त्या "झालं, बसा" म्हणाल्या. आठ कडवी झाली होती. आमच्या मंडळीचा तो उच्चांक.

पण बसण्याआधी सर वळले आणि पेटीपाशी आले. पेटीपाशी आजवर कुणी आलेलं नव्हतं. वाकून म्हणाले, "रूथबाई, तुमच्यापेक्षा चांगला मी स्वतःला कधी समजलो नाही. तुम्ही एकट्याच अशा की ज्यांना कधी उठावं लागलं नाही. मला तुमचा हेवा वाटायचा. माफ करा."

मी वाजवता वाजवता "झालं" म्हणाले. मला माझीच लाज वाटली.

* * *

पुढचा पहिला रविवार. पाळक म्हणाले, "ज्याचं राहिलंय त्यानं आटपून घ्यावं." नेमकं त्या दिवशी कुणाचंच काही राहिलेलं नव्हतं. महिनाभरात पासष्ट माणसांत एक भांडण नाही, हे आमच्याकडे क्वचितच होतं. मी पहिलं कडवं वाजवलं. कुणी उठलं नाही. दुसरं वाजवलं. तिसऱ्या बाकावर अक्का माझ्याकडे बघत होती. रागानं नाही, ऐकताना बघतात तसं. आता पाळक रुमाल उचलणार, ताट फिरणार, आणि ती ते तसंच पुढं देणार.

तिसऱ्या कडव्याच्या मध्यावर मी भाता सोडला आणि उठले.

पेटी त्या जागी कधी मध्येच थांबलेली नव्हती. इतकं शांत झालं की सोनाआजी मोठ्यानं म्हणाली, "लाइट गेली काय?"

मी तिसऱ्या बाकापाशी जाऊन उभी राहिले. म्हटलं, "अक्का, त्या शाळेचं पत्र आलं होतं. तुला घेतलं होतं त्यांनी. मी लपवलं."

अक्का म्हणाली, "पेटीत."

"तुला ठाऊक होतं?" मी म्हटलं.

"मध्यमाला खरखर यायला लागली होती," ती म्हणाली. "अप्पा गावाला गेले होते म्हणून मीच उघडली. लग्नाच्या आधी पंधरा दिवस. तारीख गेली होती, मग ठेवलं परत."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस गं?"

"तू पेटीवर होतीस की. गाणं संपायची वाट बघत होते."

मी तिथंच रडायला लागले. अक्कानं माझा हात धरून मला बाकावर बसवलं, स्वतः उठली आणि म्हणाली, "झालं. आता पाय घे आत, मला जाऊ दे. लोक ताटकळलेत."

ती पुढं गेली, पेटीवर बसली, पदर खोचला, भाता ओढून बघितला आणि पहिल्या कडव्यापासून सुरुवात केली. आमच्या मंडळीतल्या निम्म्या लोकांना तिला वाजवता येतं हेच ठाऊक नव्हतं. सोनाआजीनं माझ्या हातावर खडीसाखर ठेवली. दहा वाजले आणि कन्नड मंडळी दारातून आत येऊन भिंतीला टेकून उभी राहिली. नऊ कडवी झाली. पाळक उठले, त्यांनी ताटावरचा रुमाल उचलला.

अक्कानं पुन्हा पहिलं कडवं धरलं. पाळकांनी रुमाल परत ताटावर घातला आणि ते खाली बसले.